आधी तपकिरी, मग फिके, मग पुन्हा तपकिरी: घरच्या रीफ टाकीतील प्रवाळांचा रंग का टिकत नाही

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या तळघरात ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८४ लिटरची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळे वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, आहे. दगडांनी व्यापलेली जागा वजा केली आणि खालच्या सम्पमधले, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीतले, पाणी धरले, तर तीत साधारण ३०० लिटर खारे पाणी फिरते. या टाकीने मला दोन वर्षांत तीन वेळा एकाच फेऱ्यात अडकवले. माँटिपोरा कॅप्रिकॉर्निस जातीचे, कमळाच्या पानासारखे आडवे पसरणारे एक प्रवाळ मी आणले तेव्हा ते तळहाताएवढे होते आणि त्याचा रंग मारुतीच्या शेंदरासारखा होता. चार महिन्यांत ते चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी झाले. मी उपाय केले, तपकिरी गेला, पण शेंदरी परतला नाही. प्रवाळ ताकासारखे फिके पडले. त्यावर उपाय केले, तर काही महिन्यांनी पुन्हा चोथा.

हा अनुभव अनेकांना येतो आणि बहुतेक जण माझ्यासारखेच चुकतात, कारण ‘रंग गेला’ या एका वाक्यात आपण दोन वेगळे बिघाड कोंबतो. प्रवाळ तपकिरी पडणे आणि फिके पडणे यांची कारणे एकमेकांच्या उलट आहेत, आणि एकावरचा उपाय जरा लांबला की तोच दुसऱ्याचे कारण होतो. म्हणून आधी आपल्या टाकीत यांपैकी काय चालले आहे ते ठरवावे, आणि मगच कशाला हात लावावा.

रंग नेमका कुठे असतो

आपल्याकडे अंगठीत बसवतात ते पोवळे लाल असते, कारण त्या जातीचा सांगाडाच लाल असतो. रीफ टाकीतील प्रवाळांचे तसे नाही. त्यांचा सांगाडा पांढरा, चुनखडीचा असतो, आणि रंग त्यावरच्या एखाद-दोन मिलिमीटर जाडीच्या जिवंत पेशीस्तरात असतो. या पेशीस्तरात दोन रंगारी काम करतात. पहिला म्हणजे पेशींच्या आत राहणारे सूक्ष्म सहजीवी शैवाल, ज्याला झूझॅन्थेली म्हणतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्याच्या दहा लाखांच्या घरात पेशी असतात. तो प्रकाशावर साखर तयार करून प्रवाळाला पोसतो, आणि त्याचा स्वतःचा रंग तपकिरी असतो. दुसरा रंगारी म्हणजे प्रवाळ स्वतः. ते काही प्रथिने तयार करते. त्यांतली काही निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात, तर काही चमकत नाहीत, पण जांभळी, निळी किंवा गुलाबी दिसतात. चमकणाऱ्या प्रथिनांचे कूळ मुळात एका जेलीफिशमध्ये सापडले. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली ते हिरवे प्रथिन वेगळे केले, आणि २००८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

आपल्या कामाचा भाग असा, की ही प्रथिने तयार करायला प्रवाळाला ऊर्जा लागते आणि निमित्तही लागते. निमित्त बहुतांशी प्रकाशाचे असते. योर्ग वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले, की अनेक जातींमध्ये निळ्या प्रकाशाची तीव्रता वाढली की या रंगद्रव्यांची निर्मिती वाढते. कडक उन्हात आपण छत्री उघडतो, तसे प्रवाळ पेशींवर रंगाचा पडदा ओढते. प्रकाश कमी पडला तर पडद्याची गरज उरत नाही, आणि त्याच वेळी पाण्यात खत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, जास्त असेल तर तपकिरी शैवाल माजते. मग शेंदरी प्रथिन थोडेफार शिल्लक असले तरी वरच्या तपकिरी थराखाली झाकून जाते. उलट, पाण्यात खतच नसेल किंवा प्रकाश डोईजड झाला असेल, तर शैवाल कमी होते, खालचा पांढरा सांगाडा झळकू लागतो आणि सगळे फिके दिसते.

तपकिरी रंग हा स्वतः रोग नाही, हेही सांगून ठेवतो. समुद्रातील बहुतेक प्रवाळे तपकिरी आणि शेवाळी छटांचीच असतात. मालवणच्या सागरी अभयारण्यात ज्यांनी पाण्याखाली डोकावले असेल त्यांनी ते पाहिले असेल. तपकिरी प्रवाळ बहुधा पोट भरलेले असते. आपल्याला ते आवडत नाही, एवढाच त्याचा दोष. फिके पडलेले प्रवाळ मात्र खरोखर संकटात असू शकते, म्हणून दोन्हींपैकी एक पत्करायचे झाले तर तपकिरी पत्करावे.

आधी नीट बघावे

गेल्या वर्षी आई इकडे आली होती. तळघरात उतरून टाकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, पाण्यात नीळ घातलीस का?” तिला हसलो खरा, पण ती बरोबर बोलली होती. माझे दिवे दिवसाचे नऊ तास जवळजवळ पूर्ण निळ्यावर चालत होते, आणि त्या प्रकाशात चमकणारी प्रथिने निखाऱ्यासारखी दिसतात, न चमकणारी जांभळी-निळी प्रवाळे काळपट दिसतात, आणि तपकिरी किती चढला आहे ते कळतच नाही. विक्रीच्या छायाचित्रांत जे डोळे दिपवणारे रंग दिसतात ते बहुतेक अशाच निळ्या प्रकाशात, भिंगापुढे नारिंगी फिल्टर धरून टिपलेले असतात. तो रंग दिवसाउजेडी आपल्या टाकीत दिसत नाही म्हणून औषधोपचार सुरू करणे म्हणजे नसलेल्या रोगावर काढा पिणे होय.

म्हणून दर रविवारी सकाळी ११ वाजता मी पांढरे दिवे वाढवतो, दहा मिनिटे थांबतो, पंप बंद करून पाण्याचा पृष्ठभाग स्थिर होऊ देतो आणि त्याच जागेवरून, मोबाइलची स्वयंचलित रंगदुरुस्ती बंद करून, त्याच तीन प्रवाळांची छायाचित्रे घेतो. काचेवर आतून पांढऱ्या प्लॅस्टिकची एक पट्टी चिकटवलेली आहे. छायाचित्रात ती पट्टी पांढरी दिसत नसेल तर त्या दिवशीच्या रंगावर मी विश्वास ठेवत नाही. असे केले नाही, तर आपण मागच्या महिन्याचा रंग आठवणीतून सांगतो, आणि आठवण नेहमी भडक असते.

बघताना चार गोष्टी बघाव्यात. रंग सगळीकडे सारखा बदलला आहे की फक्त वरच्या अंगाला की फक्त खालच्या? वरचे अंग फिके आणि खालचे ठीक असेल तर संशय प्रकाशावर घ्यावा. सर्वांग फिके असेल तर पाण्यातील पोषणावर. खालचे, सावलीतले अंग तपकिरी आणि वरचे रंगीत असेल तर तो बिघाडच नव्हे. दुसरे, वाढीची कडा. माँटिपोराच्या पानाला बाहेरून दोन-तीन मिलिमीटरची पांढुरकी किनार असते. तिथे नवा सांगाडा चढत असतो आणि शैवाल अजून पोचलेले नसते. ही किनार दिसणे हे वाढीचे लक्षण आहे, आणि मी पहिल्या वर्षी तिलाच फिकेपणा समजून दिवे कमी केले होते. तिसरे, पॉलिप, म्हणजे ज्यांचे मिळून प्रवाळ बनते ते इवले जीव, बाहेर येतात का. चौथे, मांस कसे दिसते: भरलेले, की इतके पातळ की सांगाड्याच्या खळग्या मोजता याव्यात.

मोजमापाने केलेला घोटाळा

माझ्या पहिल्या फेऱ्याचे मूळ टाकीत नव्हते, वहीत होते. फॉस्फेट मोजायला माझ्याकडे हॅनाचा छोटा अंकी मापक आहे, एचआय ७३६. तो फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस दाखवतो, आणि तोही पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग या मापात. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागले की पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग या मापात, फॉस्फेट मिळते. मापकावर ६२ दिसत होते आणि मी वहीत सरळ ०.०६ लिहीत होतो. खरे फॉस्फेट ०.१९ होते. पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेले आहे. मी ती वाचली नव्हती, एवढेच. त्याच कंपनीचा एचआय ७७४ हा मापक फॉस्फेट थेट पीपीएममध्ये दाखवतो, तेव्हा आपल्या हातात कोणता आहे ते झाकणावर आधी पाहावे. शिवाय काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला किंवा भुकटी नीट विरघळली नाही तर आकडा उगाच चढतो. मी कुपी सुती कापडाने पुसतो, दोन मिनिटे हलवतो, आणि आकडा अनपेक्षित आला तर दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय काहीही करत नाही.

नायट्रेट मोजायच्या सालिफर्ट कंपनीच्या संचात असाच एक बारकावा आहे. रंग वरून पाहिला तर आकडा थेट घ्यायचा, बाजूने पाहिला तर दहाने भागायचा. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचे शून्य साध्या पाण्याने लावले तर ३५ च्या आसपास तो दोन-तीन अंशांनी खोटे बोलू शकतो. ३५ पीपीटीचे (हजारात ३५ भाग) प्रमाणद्रव मिळते, त्यानेच तो लावावा. खारेपणा ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६, इथे स्थिर नसेल तर पुढच्या कोणत्याही आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, कारण कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) सगळे त्याच्याबरोबर खालीवर होते.

नळाच्या पाण्याबद्दल एक सूचना. अमेरिकेतील अनेक शहरांत जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाण्यात मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय यंत्रातील रेझिन संपत आले की ते फॉस्फेट टाकीत येते. टीडीएस मापकावर शून्य दिसेपर्यंतच ते पाणी वापरावे.

तपकिरी असेल तर

खताकडे वळण्याआधी प्रकाश तपासावा, आणि डोळ्यांनी नव्हे. आपले डोळे निळ्या प्रकाशाच्या तीव्रतेचा अंदाज फार वाईट करतात. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप पीएआर या नावाने ओळखले जाते, आणि ते मोजायला पाण्याखाली चालणारा मापक लागतो. मोबाइलवरचे मोफत ॲप निळ्या एलईडीखाली निरुपयोगी ठरतात. चांगला मापक महाग असतो, म्हणून मी तो एका दुकानातून चार दिवसांसाठी भाड्याने आणला आणि टाकीतल्या प्रत्येक प्रवाळाशेजारी ठेवून आकडे एका कागदावर टाकीचा नकाशा काढून त्यात भरले.

मऊ प्रवाळांना आणि मशरूम नावाच्या प्रवाळांना ५० ते १०० पुरतात, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना ८० ते १५०, आणि अक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या जातींना रंग धरायला २०० ते ३५० लागतात. माझे माँटिपोरा लावले तेव्हा त्या जागी १८० होते. दोन वर्षांनी त्याच जागी ७० निघाले! वर लावलेले बर्ड्सनेस्ट, म्हणजे सेरियाटोपोरा, झुडपासारखे वाढून पानावर मांडवासारखे पसरले होते, आणि दिव्यांच्या भिंगांवर वाळलेल्या मिठाचा पातळ पापुद्रा बसला होता. तो मी दिव्याची वीज बंद करून, आरओच्या पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसला, बर्ड्सनेस्टच्या चार फांद्या छाटल्या, आणि एका पैशाचे औषध न घालता आकडा १४५ वर आला. टी५ प्रकारच्या ट्यूबलाइट नळ्या वापरणाऱ्यांच्या बाबतीत नळ्यांचे वय हेही कारण असते. त्या जळतात तशाच, पण प्रकाश कमी देतात.

प्रकाश वाढवायचाच असेल तर आठवड्याला पाच टक्क्यांहून अधिक वाढवू नये. तपकिरी प्रवाळात शैवाल दाटलेले असते. अशा प्रवाळावर अचानक प्रखर प्रकाश पडला तर शैवालात विषारी ऑक्सिजन-रेणू तयार होतात आणि प्रवाळ ते शैवालच बाहेर फेकून देते. मग तपकिरीचा थेट पांढरा होतो. नव्या टी५ नळ्या घातल्या तर दिवा काही दिवस थोडा उंच टांगावा, किंवा चालू ठेवण्याचे तास कमी करावेत.

प्रकाश पुरेसा असूनही सगळी टाकी तपकिरी असेल, तर मग खताकडे यावे. माझ्या टाकीत नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम असताना रंग सर्वांत चांगले राहतात. नायट्रेट ३० आणि फॉस्फेट ०.२ असेल तर ते खाली आणावे, मात्र महिन्याच्या हिशोबाने. मासे अर्धे खाऊन सोडतात एवढे अन्न घालणे थांबवावे, फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरची मान आठवड्यातून दोनदा धुवावी, सम्पमधली गाळाची पिशवी चार दिवसांच्या वर ठेवू नये, आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. फॉस्फेटच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळ जणांना चकवते: चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले कमी झाले की साठवलेले हळूहळू सोडतात. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे आकडा हलतच नाही असे वाटते. इथे धीर सोडून फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे, म्हणजे जीएफओ, मूठभर ओतले की पुढचा बिघाड सुरू होतो.

फिके असेल तर

मी नेमके तेच केले. ०.१९ हा खरा आकडा कळल्यावर घाबरून रिॲक्टरमध्ये, म्हणजे दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, एकदम २५० ग्रॅम जीएफओ भरले. पाच दिवसांत मापकावर ४ आले, म्हणजे फॉस्फेट ०.०१२. त्या मापकाची चूक अधिक-उणे ५ पीपीबीची असते, तेव्हा ते शून्यच म्हणायला हवे. दहाव्या दिवशी माँटिपोराच्या पानाचा शेंदरी अधिक उजळ दिसू लागला, आणि मी खूश झालो. चौदाव्या दिवशी अक्रोपोराची टोके जळल्यासारखी पांढरी झाली. तिसऱ्या आठवड्यात पान ताकासारखे झाले आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेली, शेंबडासारखी तार दिसू लागली. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव होते. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की इतर शैवाले आणि जिवाणू मागे पडतात आणि हे माजते, हे रीफ पाळणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातले आहे.

त्या दहाव्या दिवसाच्या उजळपणाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण फसगत तिथेच होते. साऊथॅम्प्टन विद्यापीठातील प्रवाळ प्रयोगशाळेने २०२० साली या रंगीत फिकेपणाचा उलगडा केला. शैवाल कमी झाले की प्रकाश कमी शोषला जातो, पांढऱ्या सांगाड्यावरून उलटसुलट परावर्तित होतो, आणि पेशींच्या आत प्रकाश वाढतो. त्याला उत्तर म्हणून प्रवाळ आणखी रंगद्रव्य तयार करते. म्हणजे प्रवाळ त्या वेळी छत्री उघडत असते. समुद्रात ही छत्री निसटलेल्या शैवालाला परत यायला मदत करू शकते. टाकीत मात्र आपण त्याच सुमारास ‘उपाय लागू पडला’ म्हणून तोच उपाय पुढे रेटतो. पोपटी, फिकट गुलाबी, आकाशी असे खडूच्या छटांचे रंग दिसत असतील, मांस पातळ असेल आणि वाढीची किनार थांबली असेल, तर प्रवाळ उपाशी आहे असे समजावे, मग ते कितीही देखणे दिसो.

उपायाचा क्रम माझ्या अनुभवात असा बसला. पहिल्याच दिवशी जीएफओ काढून टाकले, आणि प्रकाश एका दमात पंधरा टक्के खाली आणला. प्रकाश वाढवताना घाई नको, कमी करताना ती चालते. दुसऱ्या दिवसापासून माशांना एकदाऐवजी तीनदा, थोडे थोडे अन्न दिले. मासे असतील तर हेच सर्वांत चांगले खत आहे, कारण त्यातून नत्र आणि स्फुरद दोन्ही येतात आणि माशांची विष्ठा प्रवाळे थेटही खातात. तेवढ्याने आकडे हलले नाहीत तेव्हा रसायनांकडे वळलो. एक ग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेटमध्ये ०.७३ ग्रॅम नायट्रेट असते, त्यामुळे माझ्या ३०० लिटरमध्ये एक ग्रॅमने नायट्रेट साधारण २.४ पीपीएमने वाढते. ते आरओच्या पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत विभागून, जोराच्या प्रवाहात घातले. ट्रायसोडियम फॉस्फेटच्या बाबतीत हिशोब चोख करूनही आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली जातो, कारण दगड आधी स्वतःचा वाटा उचलतात. रोज थोडे घालत राहावे आणि रोज मोजावे. एका झटक्यात भरपाई करू नये.

फक्त नायट्रेट वाढवून फॉस्फेट शून्यावर ठेवू नये. वीडेनमान यांच्याच गटाने २०१३ साली दाखवले, की नत्र भरपूर आणि स्फुरदाचा तुटवडा अशा स्थितीत प्रवाळ उष्णता आणि प्रकाश यांपुढे अधिक लवकर पांढरे पडते. शैवालाला वाढायला एक घटक मिळतो आणि दुसरा मिळत नाही, त्यामुळे ते दुबळेच राहते.

अल्कलिनिटीचाही इथे संबंध येतो. समुद्राच्या पाण्यात ती ७ डीकेएचच्या (हे तिचे एकक) आसपास असते. जलद वाढीसाठी काही जण ती १० ते ११ वर ठेवतात, आणि पाण्यात पोषण भरपूर असेल तर ते खपूनही जाते. पोषण शून्यावर असताना मात्र तीच अल्कलिनिटी टोके जाळते. सांगाडा पुढे धावतो आणि मांस मागे राहते, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. माझ्याकडे त्या आठवड्यात ती ९.६ होती. आता मी ७.८ ते ८.२ च्या बाहेर ती जाऊ देत नाही, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवतो, आणि दिवसभरात अर्ध्या डीकेएचहून जास्त चढउतार झाला तर ही रसायने थोडी थोडी सोडणाऱ्या डोसिंग पंपाची नळी तपासतो.

रंग वाढवण्याच्या बाटल्यांबद्दल विचारणा होते, म्हणून एका परिच्छेदात आटोपतो. पोटॅशियम, लोह, आयोडीन, अमिनो आम्ले यांचा रंगाशी संबंध नाही असे नाही. समुद्रात पोटॅशियम ४०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास असते आणि ते बरेच खाली गेले तर काही प्रवाळे निस्तेज होतात. पण पाण्यातली मूलद्रव्ये मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील आयसीपी चाचणीशिवाय ते घालणे म्हणजे अंधारात मीठ घालणे. आठवड्याला दहा टक्के पाणी नियमित बदलणाऱ्याला यांतल्या बहुतेक बाटल्यांची गरज पडत नाही. माझ्या कपाटात अशा सहा अर्धवट बाटल्या आहेत आणि दोन वर्षांत त्यांपैकी एकीनेही रंग परत आणला नाही.

एकच प्रवाळ बिघडले असेल तर

शेजारची सगळी प्रवाळे ठणठणीत असताना एखादेच अक्रोपोरा निस्तेज होत असेल, तर पाणी आणि प्रकाश यांना सोडून कीटक शोधावेत. भिंग घेऊन दिवे लागल्यावर पाहिले तर लाल कीटक पिवळट अंगावर लाल ठिपका असलेल्या रवाळ कणांसारखे सरकताना दिसतात. ते अर्ध्या मिलिमीटरचे असतात. अक्रोपोरा खाणारे चपटे कृमी दिसत नाहीत, त्यांनी चावलेले गोल फिके ठिपके दिसतात. पाठीमागून पिचकारीने पाण्याचा जोरदार झोत मारावा आणि खाली पांढरी वाटी धरावी. कृमी असतील तर वाटीत पारदर्शक तुकडे पडतात. असे निघाले तर ते प्रवाळ वेगळ्या पात्रात औषधाच्या पाण्यात बुडवावे, आणि बुडाशी चिकटलेली तपकिरी अंडी औषधाने मरत नाहीत म्हणून ती खरवडून काढावीत. नवे प्रवाळ टाकीत सोडण्याआधी हे न चुकता करावे.

आणखी एक शक्यता धातूची असते. एका पंपाच्या चुंबकाचे आवरण तडकून लोखंड गंजलेले मला चौदा महिन्यांनी सापडले. रंग जाण्याचे कारण सापडत नसेल तर पाण्यातले प्रत्येक चुंबक बाहेर काढून पाहावे.

किती थांबायचे

प्रवाळाचे रंगद्रव्य एका रात्रीत बनत नाही आणि दाटलेले शैवाल एका रात्रीत विरळ होत नाही. पाण्यातला बदल तीन दिवसांत मोजता येतो, प्रवाळात तो सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो. माझे तिन्ही फेरे या अंतरातच घडले. दुसऱ्या आठवड्यात काही दिसले नाही म्हणून मी पुढचा उपाय करत असे, तोवर पहिल्याचा परिणाम यायचा आणि मी त्याचे श्रेय दुसऱ्याला देत असे. आता वहीत तारीख टाकून एकच बदल लिहितो आणि सहा आठवडे पान उलटत नाही. अपवाद एकच: मांस सुटून सांगाडा उघडा पडू लागला, तर थांबू नये, प्रवाळाचा धड तुकडा तोडून दुसरीकडे लावावा.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळे २००१ पासून अनुसूची एकमध्ये आहेत, वाघासारखीच. अक्रोपोरा, माँटिपोरा, सेरियाटोपोरा यांची वर चर्चा केली ती मी जिथे राहतो तिथल्या, पैदास करून विकलेल्या तुकड्यांबद्दल आहे. मुंबईत किंवा पुण्यात कोणी ती कमी किमतीत देऊ केली तर घेऊ नयेत.

सध्या माझे माँटिपोरा जेवणाच्या ताटाएवढे झाले आहे. पुढचा दोन-तृतीयांश भाग शेंदरी आहे, किनार पांढरी आहे, आणि मागचा, पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या ओव्हरफ्लोच्या काळ्या पेटीच्या सावलीतला भाग अजून चोथ्यासारखाच आहे. तिथे मी पीएआर मोजला, ५५ निघाला. तो भाग आहे तसाच ठेवला आहे.